टिटवीला ओ देऊ नये

भीतीचं बारसं करायचं आहे, असं निलोफर मुजावर म्हणाल्या तेव्हा ऋतुजा साबळेला हसू आलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आणि साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात म्हणे बारसं. पण तिची दहा वर्षांची मुलगी हसली नाही. शिवन्या आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "टिटवी."

"टिटवी का गं?" मॅडमनी विचारलं.

"ती उगाच ओरडते. मामाच्या शेतात कुणी नुसतं बांधावरून चाललं तरी ओरडत सुटते. काही झालेलं नसतं."

निलोफर मॅडम लहान मुलांच्या मानसोपचारात मुरलेल्या होत्या, सहसा कशानं हरखून जायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "अर्धं काम पोरीनंच करून टाकलं की."

उरलेलं अर्धं काम काय होतं ते ऋतुजाला पुरतं ठाऊक होतं. ती बस चालवायची. विजेवरची नवी गाडी, सातारा ते महाबळेश्वर, रोज केळघरचा घाट चढायचा आणि उतरायचा. तिच्या हातून कधी साधा आरसा घासला गेला नव्हता. तरी शिवन्याच्या डोक्यात कुठूनसं शिरलं, की आईची गाडी आज दरीत जाणार. शाळेत जाताना पोटात दुखायचं, उलटी व्हायची, फाटकाला धरून पोरगी उभी राहायची. मग ऋतुजानं एक तोडगा काढला होता. मेढ्याला गाडी थांबली की फोन, "पोचले गं मेढ्याला." केळघरला फोन. घाट चढला की फोन. आपल्याकडे माणूस गावाला गेलं की पोचल्याचा फोन करतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऋतुजा दर थांब्यावर पोचत होती, एवढंच.

"हाच तिचा खुराक आहे," निलोफर मॅडम म्हणाल्या. "रागावू नका. कुठल्याही आईनं हेच केलं असतं."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मनात एक विचार येतो: गाडी दरीत गेली असेल. विचारामागून छातीत धडधड येते. धडधड सोसवत नाही म्हणून मूल काहीतरी करतं, फोन लावतं नाहीतर शाळाच बुडवतं. आईचा आवाज ऐकला की जिवात जीव येतो. पण मेंदू यातून भलताच धडा घेतो. गाडी मुळातच सुखरूप होती हे तो शिकत नाही, फोन केला म्हणून वाचली असं शिकतो. पुढच्या वेळी फोन आधी हवा, मग आणखी आधी. यावर जुना आणि खात्रीचा उपाय एकच. तो विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा, आणि धीर न मागता धडधड आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. आधी सोपी पायरी, मग अवघड.

"अडचण अशी, की मुलांना विचार पकडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आठवड्यानं माझ्यासमोर बसतात तोवर तो पळालेला असतो. त्यासाठी ही डबी."

कुंकवाच्या करंड्याएवढी डबी होती, आणि सोबत मनगटाचा एक पट्टा. पट्टा नाडी, घाम, श्वास, बोलण्यातला कंप असं सगळं टिपायचा. महिनाभर टिपून झालं की डबीत त्या मुलाच्या भीतीचा एक नमुना तयार व्हायचा. पुढं तो इतका पक्का व्हायचा, की भीतीचा विचार मुलाच्या मनात नीट उमटायच्या आत डबी तो मोठ्यानं बोलून दाखवायची, त्याच मुलाच्या आवाजात. बाहेरून ऐकू आलं की त्याच्याशी भांडता येतं. मूल बरं होत गेलं की नमुन्याला बोलायला काही उरायचं नाही. डबी गप्प झाली की उपचार संपले, मग मॅडम ती पुसून टाकायच्या.

"एक पथ्य मात्र कडक," मॅडम म्हणाल्या. "टिटवीला उत्तर द्यायचं ते फक्त शिवन्यानं. तुम्ही नाही. तिनं कितीही हाका मारल्या तरी तुम्ही ओ द्यायची नाही. धीर दिलात की ती माजते."

ऋतुजानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

पहिल्यांदा टिटवी बोलली तेव्हा ऋतुजाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. बाहेरच्या खोलीत शिवन्या चित्र काढत होती, आणि फळीवरून तिचाच रडवेला आवाज आला, "आई, तू उद्या जाऊ नकोस. ब्रेक लागणार नाही." ऋतुजा अर्ध्यापर्यंत धावली आणि दारातच थांबली. शिवन्या पांढरीफटक पडली होती. पण तिनं डबीकडं पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "कशावरून?"

"मला वाटतंय तसं."

"काल पण वाटलं होतं. काल काय झालं?"

डबीतला हिरवा दिवा विझला. त्या दिवशी पोळी करपली, आणि ती खाताना घरातली तिघंही उगाचच हसत होती.

पुढं केळघरचा फोन बंद झाला. मग मेढ्याचा. घाट चढल्याचा फोन बंद झाला त्या दिवशी शिवन्या पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, असं संग्रामनं, तिच्या बाबांनी, नंतर सांगितलं. टिटवी आत नुसती आकांत करत होती. शिवन्या उठली नाही. पावसाळा गेला, परीक्षा झाल्या, टिटवी कधीतरीच ओरडायला लागली आणि मग बंदच झाली. पोरीच्या पायांना जणू वाट मिळाली. शाळेच्या मैदानावर ती खो-खो खेळायला लागली, आणि एवढी चपळ निघाली की तेराव्या वर्षी तिची धाराशिवच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात निवड झाली. तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं, वर्षभर टिकली तर राज्याच्या संघात जाईल.

निघताना शिवन्या रडली नाही. ऋतुजानं पिशवीत दशम्या कोंबल्या आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

"आई, पोचले नाही तर कळेलच की तुला," शिवन्या हसून म्हणाली आणि गाडीत चढली. तिचा आवाजही आता भरला होता, थोडा घोगरा झाला होता. ऋतुजाला आनंद झाला पाहिजे होता. झालाही. पण गाडी वळणाआड गेल्यावर तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी कामावरून कमी केलंय.

डबी दवाखान्यात परत द्यायची राहिली होती. मॅडमनी दोनदा आठवण करून दिली, ऋतुजा दोनदा "आणून देते" म्हणाली. एका सुट्टीच्या दुपारी फळी पुसताना पट्टा तिच्या हाताला लागला. पट्ट्याला अजून पोरीच्या घामाचा वास होता. ऋतुजानं तो वास घेतला, आणि कुणी बघत नसताना माणूस जे वेडेपण करतं ते केलं. पट्टा आपल्या मनगटावर बांधला.

डबीत हिरवा दिवा लागला.

"आई?"

दहा वर्षांच्या शिवन्याचा आवाज. बारीक, शेवटाला जरा वर जाणारा. हा आवाज जगात आता दुसरीकडं कुठंच नव्हता, हे ऋतुजाला त्या क्षणी कळलं.

"आई, तू आलीस?"

पथ्य तिला तोंडपाठ होतं. पण लेकरानं आई म्हणून हाक मारायची आणि आईनं गप्प बसायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. गाढ झोपेतसुद्धा तिच्या तोंडून ओ जायची.

"ओ," ऋतुजा म्हणाली. "आले गं बाळा."

त्यानंतर सुट्टी कधी येते याची ती वाट पाहू लागली. पुढं सुट्टीपर्यंत धीर निघेना, कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी पट्टा बांधायची. टिटवी विचारायची, ऋतुजा समजूत घालायची. तू परत जाणार? आज नाही गं जाणार. मला सोडून जेवलीस? नाही राणी, थांबलेय. एकदा संग्राम कारखान्यातून लवकर आला आणि दारातूनच म्हणाला, "कुणाशी गुलुगुलु चाललंय? माझ्याशी तर एवढं गोड कधी बोलत नाहीस." ऋतुजानं हसून वेळ मारून नेली आणि पट्टा पदराखाली लपवला. नवऱ्यापासून काही लपवायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिला लाज वाटली, पण पट्टा काही तिनं परत केला नाही.

डबीला माणूस ओळखता येत नाही. पट्टा ज्याच्या हाताला, त्याच्या मनाशी ती जुळवून घेते. शिवन्याच्या भीतीचा नमुना कधीच रिकामा झाला होता. त्यात आता दुसरीच भीती भरत होती, आणि बोलायला आवाज मात्र जुना होता. हे ऋतुजाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच जाणवलं, की टिटवी आता घाटाबद्दल बोलत नाही.

"आई, मला इथं ताप आला आणि कुणाला कळलंच नाही तर?"

"आई, मी खांबावर सूर मारला आणि डोक्यावर पडले तर?"

"आई, मी इथं रडतेय. तुला सांगत नाहीत ते."

ऋतुजानं धाराशिवला फोन लावला. शिवन्या धापा टाकत आली. "काय झालं?" काही नाही, सहज. जेवलीस का, ताप नाही ना, डोकं दुखत नाही ना? दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सकाळ-संध्याकाळ. फोन झाला की तासभर बरं वाटायचं. नंतर अर्धा तास. मग फोन ठेवताठेवताच छातीत कळ सुरू व्हायची. शिवन्या आधी हसली, मग वैतागली, मग फोनवर गप्प गप्प राहू लागली.

एके दिवशी घाटात, निम्म्या चढावर, ऋतुजानं बस कडेला घेतली. गाडी चालू असताना चालकाचा फोन लागतच नाही, म्हणून थांबवली. पाठीमागं चाळीस माणसं. "ड्रायव्हरबाई, गाडी बिघडली का?" एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, तिला ते ऐकूही आलं नाही. तिकडं फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पोरं मैदानावर असणार, हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. पट्टा हातावर नव्हता, डबी घरात होती, तरी तो बारीक आवाज तिला आरशाच्या काचेतून ऐकू येत होता. आई, आई, आई.

आगारात तिनं रजेचा अर्ज टाकला आणि मिळेल त्या गाडीनं धाराशिव गाठलं. पोरीला घरी आणायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

मैदानावर सराव चालला होता. शिवन्या पळत होती. खांबाला हात लावून अशी काही वळली, की ऋतुजा बघतच राहिली. एवढी ही मोठी झाली, एवढी सुरेख. मग शिवन्याची नजर कुंपणाकडं गेली आणि पाय तिथंच थांबले. मागून आलेल्या पोरीनं तिला सहज बाद केलं.

"बाबांना काही झालं का?" कुंपणापाशी येऊन तिनं विचारलं. चेहरा पांढरा पडला होता. ऋतुजानं तो चेहरा तीन वर्षांनी पाहिला.

"काही नाही झालं. तुला न्यायला आले. इथं तुला ताप आला, पडलीस, आणि कुणाला कळलंच नाही तर? रडत असशील आणि मला सांगत नसतील तर?"

शिवन्या तिच्याकडं बघत राहिली. बोटांनी जर्सीचं टोक धरलं होतं, ते गुंडाळत होती, सोडत होती.

"आई, तू टिटवी उघडलीस?"

ऋतुजाचा हात आपोआप रिकाम्या मनगटावर गेला.

"ती अशीच बोलायची. अशीच, याच चालीत." शिवन्यानं जर्सीचं टोक सोडलं. "तुझे फोन यायला लागल्यापासून माझ्या पोटात पुन्हा दुखतंय. परवा सरावाला गेले नाही मी. सरांना खोटं सांगितलं. मला वाटतं, तू एवढी घाबरतेस म्हणजे काहीतरी असेलच की." मग तिनं डोळे पुसले. "मी येणार नाही घरी. आले तर परत कधीच येता येणार नाही मला इथं. तू जा. आणि पोचल्याचा फोन करू नकोस."

परतीच्या गाडीत ऋतुजा रडली. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, कुणी गेलं का म्हणून विचारलं. ऋतुजाला हो म्हणावंसं वाटलं.

निलोफर मॅडम तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डबी टेबलावर मधोमध ठेवली.

"पुसून टाकायची तर आत्ता टाकता येईल," त्या म्हणाल्या. "पण आत जे आहे ते शिवन्याचं नाही, तुमचं आहे. यंत्र तुमच्या मनातलंच तुम्हाला ऐकवतंय, तिच्या आवाजात. पुसलं तरी तुमच्या मनात ते राहणारच. आणि पोरगी ते फोनवरून ओळखणार. त्या पोरीला वाचवायचं असेल तर तिनं जे केलं तेच तुम्हाला करावं लागेल."

"म्हणजे?"

"पट्टा बांधायचा. रोज संध्याकाळी बसायचं. ती हाक मारेल, रडेल. ओ द्यायची नाही, धाराशिवला फोन करायचा नाही. तुमची भीती उतरली की ती गप्प होईल."

"मग तो आवाज?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. "जाईल. नमुना रिकामा झाला की मी डबी पुसते, हे तुम्हाला माहीत आहे."

ऋतुजा बसू लागली. संग्रामला सगळं सांगितलं, तो सुन्न झाला. पहिल्या संध्याकाळी तो घरात थांबला आणि अर्ध्यावर उठून बाहेर निघून गेला. त्याच्यानं ऐकवेना. दहा वर्षांचं लेकरू फळीवरून हंबरत होतं, आई, तू आहेस ना तिथं, मला दिसतंय, बोल ना. ऋतुजा दात घट्ट आवळून बसायची. धडधड चढायची, चढायची, आणि खरंच, मॅडम म्हणाल्या होत्या तशी कधीतरी उतरायची. उठताना तिच्या अंगातलं त्राण गेलेलं असायचं. आपण एका पोरीला जगवण्यासाठी दुसरीला उपाशी ठेवतोय, असं तिला वाटायचं. ते खरं नव्हतं, हे तिला कळायचं. वाटायचं मात्र रोज. फोन तिनं एकही केला नाही. धाराशिवहून प्रशिक्षकांचा निरोप आला, पोरगी पुन्हा खेळतेय. टिटवीच्या हाका विरळ होत गेल्या.

दिवाळीला शिवन्या घरी आली. फराळ झाला, अंगणात रांगोळी काढून झाली, आणि संध्याकाळी ती आपण होऊन आईशेजारी सतरंजीवर येऊन बसली.

"मी घाबरायचे तेव्हा तू दारात उभी राहायचीस," ती म्हणाली. "मला दिसायचीस. आता मी थांबते."

ऋतुजानं पट्टा बांधला. शिवन्यानं तिचा हात हातात घेतला. मैदानावर पडूनपडून तिच्या तळव्याला घट्टे पडले होते. हा हात आपल्याला ओळखीचा नाही, असं ऋतुजाच्या मनात येऊन गेलं.

हिरवा दिवा लागला. आधी बराच वेळ काही नाही. मग बारीक आवाज आला, "आई?"

"उत्तर देऊ नकोस," शिवन्या हळूच म्हणाली. "श्वास घे. मी आहे इथं."

डबी ऐकत असल्यासारखी वाटली.

"आई," डबीतली शिवन्या म्हणाली, "तुझ्याजवळ ती कोण आहे?"

पट्टा बांधणाऱ्याच्या मनात नाही असं एक अक्षर ही डबी बोलत नाही, हे ऋतुजाला माहीत होतं. तिच्यापेक्षाही ते तिच्या लेकीला जास्त माहीत होतं. एक वर्ष ती त्या डबीशी भांडली होती.

शिवन्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. हात सोडला नाही. तेरा वर्षांच्या त्या तोंडावर राग नव्हता.

"आई," ती म्हणाली.

आता ओ दिली असती तर ती दोघींनाही पोचली असती. ऋतुजानं लेकीचा हात घट्ट आवळला आणि दात आवळून गप्प राहिली. शिवन्या उत्तराची वाट पाहत होती, आणि डबीतला हिरवा दिवा अजून विझला नव्हता.